वीज कंपनी बदलली, पण बचत नेमकी किती?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाला एक सोय आहे, जी देशातल्या बहुतेक कुटुंबांना नाही. लाइट बिल परवडेनासे झाले, तर ते वीज कंपनी बदलू शकते. अर्ज भरायचा, जुनी थकबाकी चुकती करायची, मीटर बदलून घ्यायचा, की पुढच्या महिन्यापासून बिलावर दुसऱ्या कंपनीचे नाव. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा चंद्रपूरच्या ग्राहकाला महावितरणशिवाय पर्याय नाही. पण हे चित्र असेच राहील असे नाही. नवी मुंबई आणि आसपासच्या भागासाठी समांतर वीज परवान्याची मागणी झाली, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले होते. एकाच भागात अनेक कंपन्यांना वीज विकू देण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. आज जो प्रश्न अंधेरी-घाटकोपरच्या सोसायट्यांपुढे आहे, तो उद्या ठाण्यात आणि पुण्यातही येऊ शकतो.

प्रश्न साधा वाटतो: कंपनी बदलली तर किती पैसे वाचतील? उत्तर द्यायला मात्र सगळेच उत्सुक असतात. विक्री प्रतिनिधी टक्केवारी सांगतो, शेजारी स्वतःचे बिल दाखवतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी दोन बिलांचे फोटो टाकतो. यातले कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. तरीही या तिन्ही मार्गांनी मिळणारे उत्तर बहुधा चुकीचे असते. एखादे औषध लागू पडले का हे ठरवताना वैद्यकशास्त्र जी काळजी घेते, तीच इथे घ्यावी लागते. बचत म्हणजे आलेले बिल आणि कंपनी बदलली नसती तर आले असते ते बिल, यांतला फरक. यातले दुसरे बिल कधीच छापले जात नाही. सगळी गफलत तिथेच होते, आणि ती दूर करणे एकट्या ग्राहकावर सोडणे योग्य नाही, असे माझे मत आहे.

तार तीच, दर वेगळा

आधी नेमके काय बदलते ते पाहू. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईतील लहान ग्राहकांनाही थेट वीज विकण्याचा अधिकार असल्याचा निकाल दिला. तोवर उपनगरांतील बहुतेक घरांना आधी बीएसईएस आणि नंतर रिलायन्सकडून वीज मिळत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने कंपनी बदलण्याची पद्धत ठरवून दिली. ऑगस्ट २०१८ पासून रिलायन्सचा हा व्यवसाय अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. मुंबई शहरात बेस्ट वीज पुरवते आणि तिथे हा मार्ग उपनगरांइतका मोकळा नाही.

बदलाचे दोन प्रकार आहेत. ‘चेंजओव्हर’मध्ये तारा जुन्याच कंपनीच्या राहतात, फक्त वीज विकणारी कंपनी बदलते. ‘स्विचओव्हर’मध्ये नव्या कंपनीची तारही इमारतीपर्यंत येते. चेंजओव्हर केलेल्या अनेकांची समजूत असते, की आता घरात ‘टाटाची वीज’ किंवा ‘अदानीची वीज’ येते. विजेला असे नाव नसते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातली, ट्रॉम्बे आणि डहाणूच्या औष्णिक केंद्रांतली आणि राज्याबाहेरून आलेली वीज एकाच जाळ्यात मिसळते. आपण बँकेत भरलेली नोटच एटीएममधून परत मिळत नाही, पण हिशेब मात्र चोख राहतो, तसेच हे. म्हणून चेंजओव्हर केल्याने घरातला दाब सुधारत नाही, पंखा जोरात फिरत नाही आणि केबल जळाली तर दुरुस्तीला तार ज्याची आहे त्याचीच माणसे येतात.

मग बदलतो तो फक्त हिशेब, आणि तोही पूर्ण नाही. बिलाची मागची बाजू वाचली तर चार-पाच ओळी दिसतात. स्थिर आकार हा वापर असो वा नसो, द्यावाच लागतो. वीज आकार हा प्रत्यक्ष युनिटचा दर. वहन आकार म्हणजे तारा वापरण्याचे भाडे. इंधन समायोजन आकार कोळसा, गॅस आणि बाहेरून घेतलेल्या विजेच्या किमतीनुसार खालीवर होतो. आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क लागते, जे राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. चेंजओव्हरमध्ये वहन आकार तारांच्या मालकाच्याच दराने भरावा लागतो. म्हणजे जाहिरातीत ज्या दराची तुलना केलेली असते, तो बिलाचा एक तुकडा असतो. त्या तुकड्यावरची सवलत संपूर्ण बिलावरची सवलत समजणे ही पहिली चूक.

आपोआप उतरणारे बिल

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती डोळ्यांसमोर पुरावा ठेवते. माणूस कंपनी बदलण्याचा विचार केव्हा करतो? बिल पाहून धक्का बसतो तेव्हा. हा धक्का बहुधा मे-जूनमध्ये किंवा ‘ऑक्टोबर हीट’नंतर बसतो. अर्ज, पडताळणी, मीटर यांत काही आठवडे जातात. तोवर पाऊस पडतो किंवा हवा गार होते. एसी बंद होतो, बिल निम्म्यावर येते आणि श्रेय नव्या कंपनीला मिळते. जुन्या कंपनीकडे राहिलेल्या शेजाऱ्याचे बिलही तेवढेच उतरलेले असते, पण ते कोणी ग्रुपवर टाकत नाही.

ऋतूचा परिणाम वजा केला तरी एक गोष्ट उरते. पाहुणे आले होते, घरात आजारी माणसासाठी रात्रंदिवस एसी चालू होता, मुलांची सुट्टी होती, मागच्या महिन्याचे रीडिंग अंदाजाने लावले होते, अशा योगायोगांमुळे एखादे बिल नेहमीपेक्षा फुगते. असे योगायोग पुढच्या महिन्यात तसेच जुळून येत नाहीत. त्यामुळे टोकाच्या बिलानंतरचे बिल काहीही न करता सरासरीच्या जवळ येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींतून ते दाखवले होते. खूप उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पालकांइतकी नसतात. सर्दी अगदी असह्य झाल्यावर आपण काढा घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते, ते याच कारणाने. काढ्याचा गुण असेलही, पण तो असा सिद्ध होत नाही.

औषधांच्या चाचणीत म्हणूनच दोन गट करतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही, आणि दोघांची तुलना. घरी दोन गट करता येत नाहीत. पण विजेच्या बाबतीत आपले नशीब औषधापेक्षा चांगले आहे. दोन्ही कंपन्यांचे दर नियामक आयोग ठरवतो आणि ते जाहीर असतात. त्याच युनिटना दुसऱ्या कंपनीचा दर लावून ‘न आलेले बिल’ कागदावर काढता येते. इथे अंदाजाची गरज नाही, गुणाकाराची आहे.

टप्प्यांचे गणित

हा गुणाकार थोडा वाकडा आहे, कारण आपले दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटना सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि पुढे चढतच. एक गैरसमज इथेच काढून टाकू. ३०१ वे युनिट जळाले म्हणून आधीच्या ३०० युनिटना वरचा दर लागत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो.

आता एक हिशेब करू. यातील दर कोणत्याही कंपनीचे नाहीत, गणित दिसावे म्हणून धरलेले आहेत. ‘क’ ही सध्याची कंपनी: पहिल्या १०० युनिटना ३.५० रुपये, १०१ ते ३०० ला ६ रुपये, ३०१ ते ५०० ला ७.५० रुपये. ‘ख’ ही नवी कंपनी: अनुक्रमे २.५०, ६ आणि ९ रुपये. स्थिर आकार दोघांचा १०० रुपये, वहन आकार २.५० रुपये युनिटला, कारण तारा त्याच. इंधन समायोजन आकार सोयीसाठी शून्य धरू. ‘ख’ची जाहिरात म्हणेल, ‘पहिल्या १०० युनिटना २८ टक्के स्वस्त’. ते खरेच आहे.

दोन बेडरूमच्या एका घराचा वापर आठ महिने दरमहा २४० युनिट आणि उन्हाळा-ऑक्टोबर मिळून चार महिने दरमहा ४५० युनिट आहे, असे समजू. आठ महिन्यांत दर महिन्याला १०० रुपये वाचले, म्हणजे ८०० रुपये. उरलेल्या चार महिन्यांत ३०० च्या वरच्या १५० युनिटना दीड रुपया जादा, म्हणजे २२५ रुपये अधिक गेले. पहिल्या टप्प्यातले १०० वजा जाता दरमहा १२५ रुपयांचा तोटा, चार महिन्यांचा ५००. वर्षाची निव्वळ बचत ३०० रुपये, वीज शुल्क धरून ३४८. या घराचे ‘क’कडचे वर्षाचे बिल शुल्कासह सुमारे ३५ हजार ६०० रुपये होते. म्हणजे जाहिरातीतल्या २८ टक्क्यांची प्रत्यक्षात उरली एक टक्का.

याच दरांत महिना १०० युनिट वापरणाऱ्या एका खोलीच्या घराला वर्षाला १,२०० रुपये आणि त्यावरचे शुल्क वाचते, आणि त्याच्या बिलाच्या मानाने ही रक्कम मोठी आहे. महिना ५०० युनिट वापरणाऱ्याला दरमहा २०० रुपयांचा फटका बसतो. नफा-तोट्याची सीमा ३६७ युनिटच्या आसपास येते. एकाच मजल्यावरच्या दोन घरांना एकच सल्ला लागू पडत नाही, तो यामुळे. शेजाऱ्याचे बिल त्याच्यासाठी खरे असते. जानेवारीचे बिल घेऊन हिशेब केला तर ‘ख’ चांगली वाटेल आणि मेचे बिल घेतले तर ‘क’. खरे उत्तर बारा महिन्यांच्या बेरजेतच मिळते.

टप्पे माणसाला गोंधळात टाकतात, हे संशोधनानेही दाखवले आहे. कोइचिरो इतो या अर्थतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात दोन वीज कंपन्यांच्या हद्दी जिथे मिळतात, त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांचा वापर अभ्यासला. हवामान तेच, वस्ती तीच, दराचे टप्पे मात्र वेगळे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की लोक शेवटच्या युनिटच्या दराकडे पाहून वापर ठरवत नाहीत, ते एकूण बिलाच्या सरासरी दराकडे पाहतात. व्यवहारात याचा अर्थ, एक युनिट वाचवले तर खरोखर किती पैसे वाचतात, हे आपल्याला जाणवतच नाही.

वरच्याच उदाहरणात ते पाहा. उन्हाळ्यात ४५० ऐवजी ३५० युनिट वापरले तर ‘क’कडे राहूनही प्रत्येक युनिटमागे साडेसात रुपये वीज आकार आणि अडीच रुपये वहन आकार वाचतो. शंभर युनिटचे हजार रुपये, शुल्कासह १,१६०. चार महिन्यांचे ४,६४०. एकीकडे कंपनी बदलून ३४८, दुसरीकडे कंपनी न बदलता ४,६४०.

शंभर युनिट कमी करणे अवघड नाही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला ४८ युनिट वाचतात, आणि ते बाराही महिने. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. महिन्याला २०० युनिट खाणाऱ्या एसीचे तापमान दोन अंशांनी वर नेले आणि आठ तासांऐवजी सात तास चालवला, तर आणखी चाळीस-पंचेचाळीस युनिट सुटतात.

एक खबरदारी मात्र हवी. वयस्कर माणसे, तान्ही बाळे आणि हृदयविकाराचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या खोलीतला पंखा वा एसी बिलासाठी बंद ठेवू नये. दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी वाऱ्यावर काटकसर करणे म्हणजे दुखण्याला निमंत्रण. बचत करायची ती रिकाम्या खोलीत चालणाऱ्या उपकरणांवर.

ब्रिटनने काय अनुभवले

घरगुती ग्राहकांनी वीज कंपनी बदलण्याचा अनुभव ब्रिटनकडे मोठा आहे. तिथे १९९९ पर्यंत सर्व घरांना ही मुभा मिळाली. ग्राहक स्वस्त कंपनीकडे जातील, महाग कंपन्यांना दर उतरवावे लागतील, अशी कल्पना होती. ख्रिस विल्सन आणि कॅथरीन वॉडम्स प्राइस या अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तपासले, की केवळ पैसे वाचवण्यासाठी कंपनी बदललेल्या लोकांचे काय झाले. जास्तीत जास्त जेवढी बचत शक्य होती, तिच्या चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच त्यांच्या पदरात पडली. आणि किमान १७ टक्के लोकांचे बदलामुळे नुकसान झाले. पैसे वाचवायला निघालेल्यांतले सहांतले एक जण अधिक पैसे भरू लागले होते.

हे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्यासमोर स्थिर आकार, टप्पे आणि सवलती यांची जी सरमिसळ होती, ती मनातल्या मनात सुटणारी नव्हती. शिवाय जे कंटाळून जुन्याच कंपनीकडे राहिले, ते वर्षानुवर्षे महाग दर भरत राहिले. त्यांत वृद्ध आणि गरीब मोठ्या संख्येने होते. शेवटी जानेवारी २०१९ पासून तिथल्या नियामकाला न बदलणाऱ्या ग्राहकांसाठी दरांवर मर्यादा घालावी लागली. पुढे २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकल्यावर स्वस्त दर देणाऱ्या पंचवीसहून अधिक कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च अखेर सगळ्यांच्या बिलात आला. केवळ निवड दिली की ग्राहकाचे भले होते, या समजुतीला यातून मोठा तडा गेला.

आपल्याकडे दर आयोग ठरवत असल्याने असा गोंधळ कमी आहे. पण बचत टिकेल याची हमी इथेही नाही. उपनगरांतील लाखो ग्राहक २००९ नंतर स्वस्त दरासाठी टाटाकडे गेले. मोठ्या वापराचे ग्राहक निघून गेले तर मागे राहिलेल्यांवर भार वाढतो, कारण आपल्या दररचनेत जास्त वापरणारा थोडे अधिक भरतो आणि त्यातून कमी वापरणाऱ्याचा दर खाली ठेवला जातो. म्हणून २०११ मध्ये आयोगाने गेलेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. जुन्या कंपनीची मागील वर्षांची राहिलेली वसुलीही पुढे त्यांच्यामागे आली. ज्यांनी पहिल्या वर्षाच्या दरावर पुढच्या दहा वर्षांची बचत मोजली होती, त्यांचे गणित बदलले. नंतरच्या काळात काही ग्राहक परतही आले. यात कोणा एका कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. दर बदलतात, त्यामुळे बचतीचीही मुदत संपते, एवढेच यातून शिकायचे.

आणि हाच मुद्दा समांतर परवान्याच्या चर्चेतही महत्त्वाचा आहे. नवी कंपनी जर वसाहती, मॉल आणि मोठे फ्लॅट यांनाच ग्राहक करणार असेल आणि झोपडपट्टी, गावठाण, शेतीपंप महावितरणकडे राहणार असतील, तर काहींची बचत म्हणजे इतरांची दरवाढ ठरेल. बदलणाऱ्या ग्राहकाने अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही, आपले बिल कमी करण्याचा हक्क त्याला आहे. पण एकूण खर्च कमी झाला की फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला, हे परवाना देणाऱ्यांनी आधी तपासायला हवे आणि जाहीरही करायला हवे.

बिलावर एक ओळ हवी

ग्राहकाने काय करावे, हे थोडक्यात सांगता येईल. बहुतेक बिलांवर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची युनिट एका कागदावर लिहावीत. प्रत्येक महिन्याला दोन्ही कंपन्यांचे टप्प्यांचे दर लावावेत, आणि स्थिर आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार धरूनच बेरीज करावी. घरातल्या दहावीतल्या मुलाला अर्ध्या तासाचे हे काम आहे. फरक वर्षाला दोन-तीनशे रुपयांचा असेल, तर धावपळ करू नये. काही हजारांचा असेल, तर जरूर बदलावे. आपला बदल चेंजओव्हर आहे की स्विचओव्हर, सुरक्षा ठेवीचे काय होणार आणि परत यायचे झाल्यास काय करावे लागेल, हे आधी लेखी विचारावे. नवे दर लागू झाले की हिशेब पुन्हा करावा. विक्री प्रतिनिधीने दाराशी दाखवलेल्या टक्केवारीवर सही करू नये.

पण एवढे सगळे प्रत्येक घराने करावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. ज्यांना दोनशे रुपयांची बचत सर्वांत जास्त उपयोगी, त्या घरांकडे वेळ आणि आकडेमोडीची सवय सर्वांत कमी असते. कंपनीकडे मात्र प्रत्येक ग्राहकाची बाराही महिन्यांची युनिट संगणकात तयार असतात आणि दोन्ही कंपन्यांचे दर आयोगाकडे असतात. तेव्हा मागणी एकच आहे: जिथे ग्राहकाला निवड आहे, तिथे प्रत्येक बिलावर एक ओळ छापण्याची सक्ती आयोगाने करावी. ‘मागील १२ महिन्यांत तुम्ही इतके रुपये भरले, याच वापराला दुसऱ्या परवानाधारकाकडे इतके रुपये लागले असते.’

हे काही अवास्तव नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०१९ पासून वीज कंपनीला बिलावरच सांगावे लागते, की तिच्याच दुसऱ्या योजनेत ग्राहकाचे किती पैसे वाचले असते. आपल्याकडे तर योजनांचे जंगल नाही. उपनगरात दोन कंपन्या आणि आयोगाने मंजूर केलेले दोन दरपत्रक, एवढेच आहे. कंपन्या म्हणतील, पुढच्या महिन्याचा इंधन समायोजन आकार आधी कळत नाही. बरोबर आहे, पण मागच्या वर्षाचा तर कळलेला असतो. भविष्याचे आश्वासन नको, झालेल्या वर्षाचा हिशेब हवा. त्याच ओळीशेजारी ‘तुमच्या शेवटच्या युनिटला सर्व आकार धरून इतके रुपये पडले’ असेही छापले, तर पंखा बदलावा की कंपनी, हे घरातली माणसे स्वतःच ठरवतील.

येत्या काळात स्मार्ट मीटर आणि दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर आले, की हा गुणाकार कागदावर करणे सामान्य माणसाला अशक्य होईल. बारा आकड्यांऐवजी हजारो आकडे असतील. तेव्हा ही ओळ मागण्याची वेळ आताच आहे, समांतर परवाने वाटले जाण्यापूर्वी. निवडीचा हक्क आणि निवडीची माहिती एकाच दिवशी मिळायला हवी. ब्रिटनमध्ये हक्क आधी आला आणि माहिती फार उशिरा, आणि त्या मधल्या वर्षांची किंमत ज्यांना ती परवडत नव्हती त्यांनी मोजली.